वरून कीर्तन, आतून तमाशा

"बजेट नाही" हे कारण ऐकलं की हल्ली माझं डोकंच फिरतं. इथे लियोंला ऑफिसातल्या मित्राने जुनी, गंजकी सिट्रोएन २सीव्ही घेतली. पठ्ठ्याने पहिले पैसे कशात घातले? तर रंगात आणि पुट्टीत!

अरे बाबा, जरा खाली वाकून बघ की! या गाडीची चासी पत्र्याच्या पोकळ पेटीसारखी, आतून गंजते. इंजिन, सस्पेन्शन सगळं तिच्यावरच. स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार! तिथे पुट्टी भरणं म्हणजे फेल होणारी टेस्ट कॉमेंट करून रिलीज मारणं. फक्त इथला क्रॅश खराखुरा असतो, आणि मागच्या सीटवर पोरं असतात.

बरं, १९४८ साली पॅरिसला आलेली आणि १९९० पर्यंत बनलेली ही गाडी मुळात गरिबाचीच. दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन. रेडिएटरची कटकटच नाही. बोल्ट काढले की मडगार्ड हातात! तेवढी मेहनत स्वतः करा आणि वाचलेले पैसे चासीच्या वेल्डिंगला द्या. अगदीच सडली असेल तर नवी गॅल्व्हनाइझ केलेली चासी मिळते. तिच्यासाठी साठवा. तोवर गाडी उभी राहू दे. रंग? फिरू दे वर्षभर ठिगळं मिरवत!

खिशात पैसे कमी असले की कामाचा क्रम चुकवणं आणखीनच परवडत नाही. असो. पुट्टीवाल्यांनी खुशाल भांडायला यावं... येताना स्क्रूड्रायव्हर तेवढा आणा.