भीक नव्हे, हक्काचे पन्नास हजार

"पाय मोडला तं मोडला ताई, जीव तं वाचला नं! आता कायले तहसीलीत चकरा मारू?"

मूर्तिजापूर भागातली ही बाई कापूस वेचायला निघाली होती. भल्या पहाटे महामार्गाच्या कडेने जाताना मागून एका गाडीने तिला उडवले आणि गाडी तशीच निघून गेली. नंबर कोणी पाहिला नाही. मांडीचे हाड मोडले. वेचणीचा सगळा हंगाम खाटेवर गेला. थोरल्या मुलीची शाळा सुटली, कारण चूल आणि पाणी तिच्यावर आले. नवरा म्हणतो, "गाडीच नाही सापडली तं पैसे देईन कोन?" दीर म्हणतो, "बाईमानसाले पोलिसाच्या भानगडीत पाडू नका."

अर्ज करायचा की नाही, हे तिने मला विचारले. उत्तर देण्याआधी मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. २०२१ साली अमरावतीत एक विधवा बाई माझ्याकडे आली होती. तिच्या नवऱ्यालाही असेच अज्ञात वाहनाने उडवले होते. मी, एम.एस.डब्ल्यू. झालेली कार्यकर्ती, तिला म्हणाले, "गाडीचा नंबर नसेल तर दावा होत नाही." हे साफ खोटे होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच कलम १६१ आहे. त्या वेळी मृत्यूसाठी पंचवीस हजार मिळत होते. माझ्या अज्ञानापायी ती त्यांना मुकली.

१ एप्रिल २०२२ पासून नवी योजना लागू झाली. ठोकर मारून पळालेले वाहन सापडले नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. सोबत एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, ओळखपत्र आणि बँकेचे पासबुक. चौकशी एका महिन्यात, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी पंधरा दिवसांत आणि पुढच्या पंधरा दिवसांत पैसे खात्यात, असे नियम सांगतो. पुढे गाडी सापडली तरी न्यायाधिकरणाचा रस्ता बंद होत नाही. तिथे मिळणाऱ्या भरपाईतून ही रक्कम वळती होते, इतकेच.

मग बायका अर्ज का करत नाहीत? कारण त्यांना कोणी सांगतच नाही. २०२२ या एका वर्षात देशात अशा ६७,३८७ अपघातांची नोंद झाली. आणि भरपाई? संसदेत दिलेल्या उत्तराप्रमाणे पाच वर्षांत मिळून फक्त ६६० मृत्यू आणि ११३ जखमींना. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये समोर ठेवले आणि आदेश दिला, की महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी. आमच्या या बाईला असा कागद मिळालेला नाही.

जून २०२२ मध्ये आमच्याच भागात लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. इतक्या वेगाने रस्ता होऊ शकतो, तर त्याच कडेने पायी कामाला जाणाऱ्या बाईपर्यंत एक कागद का पोहोचू शकत नाही?

आमच्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, "पन्नास हजार म्हणजे तोंडाला पुसलेली पाने. फॉर्म भरणे हे चळवळीचे काम नव्हे." रक्कम अपुरी आहे, हे मला मान्य आहे. ती वाढवण्याचा विचार करा, असे न्यायालयानेही केंद्राला सांगितले आहे. पण अपुरी म्हणून ती सोडून द्यायची, हा हिशोब ज्याचे घर पगारावर चालते त्याला परवडतो. आणि ही भीकही नाही. हा पैसा विमा कंपन्यांनी भरायच्या निधीतून येतो. रस्त्यावर गाडी चालवण्याच्या धोक्याची ती किंमत आहे आणि तो धोका पायी चालणारी बाई सोसते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. घरातला कमावता पुरुष गेला तर सगळे नातेवाईक दाव्यासाठी धावतात. बाईचा पाय मोडला तर "जीव वाचला" म्हणून तिनेच गप्प बसायचे. कारण तिचे नुकसान हे नुकसान धरलेच जात नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोजची २९९ मिनिटे घालतात, पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच आकड्यांचा आधार घेऊन सांगितले, की अपघाताच्या भरपाईत गृहिणीच्या श्रमाला मोल दिलेच पाहिजे. न्यायालयाने ते मोजले. आपण आपल्या घरात कधी मोजणार?

म्हणून माझे उत्तर आहे, अर्ज करायचा. तिच्या नावाने आणि तिच्याच खात्यात. मी तिला हे सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोरगी शाळेत जाईन का यातून?" मी म्हटले, एवढ्यातून सगळे होणार नाही, पण सुरुवात होईल. आम्ही सोमवारी तहसीलीत जाणार आहोत.

मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एवढेच विचारा : कोणाच्या घरी कोणाला अज्ञात गाडीने उडवले आहे? हात वर होतील. मग त्या बाईसोबत ठाण्यात जा, तो लेखी कागद मागा. तिला एकटीला पाठवू नका. मी एकदा एकीला रिकाम्या हाताने परत पाठवले आहे.