समजावून सांगणाऱ्याला बक्षीस का नाही?

आपल्या कॉलेजात बक्षिसांना तोटा नाही. टॉपरला बक्षीस, रोबोटिक्सला बक्षीस, ट्रॅडिशनल डेला नऊवारी नीट सांभाळणारीलाही बक्षीस! पण एखादी अवघड गोष्ट सोपी करून सांगितली म्हणून कुणाला बक्षीस मिळाल्याचं तुम्ही ऐकलंय? त्यातून विषय गणिताचा असेल तर नाहीच नाही.

आता माझीच गोष्ट सांगते. मॅट्रिक्स घ्यायची, समीकरण मांडायचं, तीन उत्तरं काढून चौकटीत लिहायची, म्हणजे आयगेन व्हॅल्यू. हे गणित मी निदान पन्नास वेळा सोडवलं असेल. पण ती असते काय, हे मला समजलं ट्युटोरिअलच्या ओरलच्या आदल्या रात्री, हॉस्टेलवर. माझी रूममेट जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, मी कॉन्व्हेंटची. तिने एक जुना, ताणला जाणारा टी-शर्ट घेतला, त्यावर स्केचपेनने चार-पाच बाण काढले आणि म्हणाली, "धर ती बाजू आणि ओढ." टी-शर्ट आडवा ताणल्यावर तिरप्या बाणांची दिशा बदलली. आडवा बाण मात्र जिथे रोखलेला होता तिथेच रोखलेला, फक्त लांब झाला. "हा आयगेन व्हेक्टर. जितक्या पट लांबला, ती आयगेन व्हॅल्यू. बास!"

दुसऱ्या दिवशी ओरलला व्याख्या विचारली. मी पुस्तकातली इंग्रजी व्याख्या धडाधड म्हटली आणि पूर्ण मार्क घेतले. तिला सगळं येत होतं, पण इंग्रजीत वाक्य जुळेना. तिला निम्मे मिळाले. शिकवणारीला निम्मे, शिकणारीला पूर्ण! लाज वाटली, पण मी गप्प बसले.

नंतर 'शोव्हने प्राइझ'बद्दल वाचलं आणि ती रात्र पुन्हा आठवली. मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था 1925 पासून हे बक्षीस देते. नवा सिद्धांत शोधल्याबद्दल नव्हे, तर गणितातला विषय उत्तम समजावून सांगणाऱ्या लेखाबद्दल! मार्क काट्स यांना ते दोनदा मिळालं, 1950 मध्ये आणि 1968 मध्ये. दुसऱ्या वेळचा त्यांचा लेख 1966 चा. त्याचं शीर्षकच एक प्रश्न आहे : ढोलाचा आकार नुसता ऐकून सांगता येईल का? ढोलाच्या पानातून कोणकोणते सूर निघणार, हे आयगेन व्हॅल्यूंवरून ठरतं. हो, आपल्या त्याच चौकटीतल्या आयगेन व्हॅल्यू! या प्रश्नाचं उत्तर 1992 मध्ये गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट या तिघांनी दिलं : नाही सांगता येणार. आकार वेगळे, पण सूर अगदी तेच, असे दोन 'ढोल' त्यांनी दाखवून दिले. समजावून सांगण्यासाठी लिहिलेल्या लेखाने गणितज्ञांना 26 वर्षं कामाला लावलं होतं!

कुणी म्हणेल, समजावणं हे दुय्यम काम, खरं काम संशोधनाचं. असं म्हणणारी माणसं लहानसहान नाहीत. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे जी. एच. हार्डी यांनी 1940 च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अगदी हेच मत मांडलंय. गंमत म्हणजे 1932 मध्ये नंबर थिअरीची ओळख करून देणाऱ्या लेखासाठी याच हार्डींना शोव्हने प्राइझ मिळालं होतं!

आणि 1978 चे मानकरी कोण? आपले श्रीराम अभ्यंकर. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकवणारे आणि 1976 मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू करणारे. अल्जिब्राइक जॉमेट्रीचा इतिहास सांगताना शाळेतल्या बीजगणितात केवढी ताकद आहे, हे त्यांनी त्या लेखात पटवून दिलं. एवढ्या मोठ्या माणसाला शाळेतल्या बीजगणिताबद्दल लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्यालाच का वाटावा?

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षीपासून याच मासिकात एक बक्षीस ठेवूया. सिलॅबसमधली कुठलीही एक कल्पना, दोन पानांत, मराठीत किंवा ज्या भाषेत जमेल त्या भाषेत समजावायची. परीक्षक मात्र फर्स्ट इयरची मुलं. लेख वाचून त्यांना ती कल्पना स्वतःच्या शब्दांत सांगता आली तरच लेख पास. बक्षीस 501 रुपयांचं असलं तरी चालेल. एम-थ्रीची केटी घेऊन बसलेल्या कितीतरी जणांना कदाचित तेवढ्याचीच गरज असेल. त्यांना गणित येत नाही असं नाही, ते त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलेलंच नसतं.

पहिल्या वर्षासाठी एक नाव मी आत्ताच सुचवून ठेवते. तिला अजून सांगितलेलं नाही. टी-शर्ट मात्र जपून ठेवलाय!