चार डेसिबलचा घोळ

चित्रपटाच्या पुष्कळ डीव्हीडी तबकड्यांवर एकच ध्वनिपट दोन पद्धतींनी नोंदलेला आढळतो. एक डॉल्बी डिजिटल, दुसरी डीटीएस. दोन्ही पद्धती प्रथम चित्रपटगृहांसाठी निघाल्या. डॉल्बी डिजिटल १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर लोकांपुढे आली आणि डीटीएस १९९३ साली ‘जुरासिक पार्क’बरोबर. पुढे त्या घरोघरच्या होम थिएटरमध्ये पोचल्या. आता गंमत पाहा. चित्रपट तोच, प्रसंग तोच, आवाजाचे बटणही जागचे हललेले नाही; तरी डॉल्बीवरून डीटीएसवर गेलो की आवाज एकदम चढतो. संवाद पुढे येतात, स्फोटाचा खर्ज छातीवर आदळतो. यावरून ‘डीटीएसच सरस’ असा निकाल दुकानात दिला जातो, मित्रमंडळीत दिला जातो आणि माझ्या वर्गातील मुलेही तो मोठ्या आत्मविश्वासाने देतात. निकाल कदाचित बरोबरही असेल. पण तो ज्या पुराव्यावर दिला जातो तो पुरावा कुचकामी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवाज चढतो तो कशामुळे? डॉल्बीच्या नोंदीत ध्वनीबरोबर काही सूचनाही साठवलेल्या असतात. त्यांपैकी एक म्हणजे १ ते ३१ यांमधील एक आकडा. नोंदीत मावू शकणाऱ्या कमाल पातळीपेक्षा या ध्वनिपटातील संवादांची सरासरी पातळी किती डेसिबल खाली आहे, हे तो आकडा सांगतो. आपण त्याला सोयीसाठी ‘संवादांक’ म्हणू. घरातील यंत्र हा संवादांक वाचते आणि संवाद कमाल पातळीच्या बरोबर ३१ डेसिबल खाली येतील इतका सबंध ध्वनिपट उतरवते. संवादांक ३१ असेल तर काहीच उतरवायचे नसते. चित्रपटांच्या तबकड्यांवर बहुधा २७ हा आकडा असतो. ३१ वजा २७ म्हणजे ४. झाले! डॉल्बीचा ध्वनिपट ४ डेसिबल खाली वाजतो. डीव्हीडीवरील डीटीएसच्या बाबतीत अशी उतरवणी सहसा होत नाही.

४ डेसिबल म्हणजे किती, हे लॉगॅरिथम शिकलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच काढून पाहावे. तीव्रतेचे गुणोत्तर सुमारे २.५ येते. येथे एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवली पाहिजे. उतरवताना कुजबुज आणि स्फोट दोन्ही सारखेच उतरतात. त्यांच्यातील अंतर कायम राहते. बटण ४ डेसिबल वर फिरवले की गेलेले सर्व परत मिळते. गुणवत्तेचा यात काही संबंध नाही.

मग हा उपद्व्याप केलाच कशाला, असे कोणी विचारील. कारण दूरचित्रवाणी. बातम्या, चित्रपट आणि जाहिराती यांच्या ध्वनीची पातळी निरनिराळी असते आणि प्रेक्षकाला दर वेळी उठून आवाज कमीजास्त करावा लागतो. सर्वांचे संवाद एका पातळीवर आणले की हा त्रास वाचतो. जाहिरातींच्या कर्कशपणाविरुद्ध अमेरिकेत २०१० साली कायदा झाला, तेव्हा त्याच्या अंमलबजावणीत हाच संवादांक उपयोगी पडला. म्हणजे मुळात सूचना शहाणपणाची आहे. ती पाळणाऱ्याला मात्र ‘कमी दर्जाचा’ हे विशेषण मिळाले!

याचा दोष आपल्या कानाकडेही जातो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, कान सर्व कंप्रतांना सारखा प्रतिसाद देत नाही. १००० हर्ट्झचा स्वर ० डेसिबलच्या आसपास ऐकू येऊ लागतो, तर ५० हर्ट्झचा स्वर कानाला कळायला ४० डेसिबलहून अधिक पातळी लागते. पण एकदा तो ऐकू येऊ लागला, की पातळीबरोबर त्याचा मोठेपणा फार झपाट्याने वाढतो. म्हणून आवाज थोडासा चढवला तरी खर्ज भरदार लागतो. एखाद्या डेसिबलचा फरक आपल्याला ‘मोठा’ असा जाणवत नाही. ‘स्वच्छ’, ‘खुला’, ‘जिवंत’ असा जाणवतो. विक्रेत्यांना हे चांगले ठाऊक असते.

डीटीएसच्या चाहत्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. डीव्हीडीवर डॉल्बी सेकंदाला फार तर ४४८ किलोबिट वापरते आणि डीटीएस ७५४ किंवा १५०९. दोन्ही पद्धती कानाला न जाणवणारा भाग गाळतात. डीटीएसला कमी गाळावे लागते. हा फरक ऐकू येतो का, हा प्रश्न रास्त आहे. परंतु पातळी जुळवल्यावाचून त्याचे उत्तर मिळणार नाही. ब्लू-रे तबकड्यांवरून हे चांगले उघडे पडते. तेथे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या दोन्ही पद्धती मूळ नोंद बिटशः परत देतात, काहीही गाळत नाहीत. तरीही संवादांकामुळे डॉल्बी खाली वाजते, आणि तेथेही लोक विजेता जाहीर करतात! ज्या परीक्षणात पातळी जुळवल्याचा उल्लेख नाही, ते परीक्षण वाचण्याच्या फंदात मी पडत नाही.

शाळांतून ध्वनी शिकवताना डेसिबल म्हणजे कुजबुज इतकी, विमान तितके, अशी यादी पाठ करून घेतली जाते. त्याऐवजी शिक्षकांनी हा प्रयोग करून घ्यावा. दोन्ही ध्वनिपट असलेली तबकडी घ्यावी. यंत्रातील ‘रात्रीचा आवाज’ किंवा तत्सम सोय प्रथम बंद करावी. ती मोठे आवाज दाबते. मोबाइलवरील ध्वनिमापक एका जागी ठेवून संवादांचा तोच अर्ध्या मिनिटाचा भाग दोनदा वाजवावा आणि सरासरी पातळी टिपावी. मोबाइलचा आकडा स्वतः विश्वासार्ह नसला, तरी दोन आकड्यांतील फरक बराच भरवशाचा असतो. तेवढ्याने बटण फिरवून पातळी जुळवावी. मग एकाने पडद्याआड बसून नाणे उडवावे, छाप पडल्यास डॉल्बी आणि काटा पडल्यास डीटीएस लावावे. प्रत्येक वेळी बटण जुळवलेल्या जागी आणायला त्याने विसरू नये. ऐकणाऱ्याने ओळखावे. असे १० वेळा करावे. ९ किंवा १० उत्तरे बरोबर आली, तर ती निव्वळ अंदाजाने येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११ एवढीच आहे. त्या विद्यार्थ्याचा कान मानला पाहिजे. ६ बरोबर आली तर फारसे काही सिद्ध होत नाही, कारण ६ किंवा त्याहून अधिक उत्तरे अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ३८६ आहे.