नवी रोपे आणण्याआधी जुने ठोंब पाहा

वनमहोत्सव 1950 साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी सुरू केला. ते आपल्या शेजारच्या भरूचचे. तेव्हापासून जुलै आला की शाळाशाळांतून खड्डे खणले जातात, तसे आमच्याही शाळेत. काळ्या पिशव्यांतली रोपे येतात, पाहुण्यांच्या हस्ते लागतात, फोटो निघतो. मेच्या सुट्टीत पाणी घालायला कोणी नसते. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत नवी रोपे!

इकडे पाण्याच्या टाकीमागे गवती चहा आणि कर्दळ माजली आहे. गवती चहाचे ठोंब मधोमध वाळले आहेत. कर्दळीचे कंद एकमेकांवर चढून जमिनीबाहेर आले आहेत, फुलेही लहान येतात. अशी झाडे दोन-तीन वर्षांनी उपसून वेगळी केली नाहीत तर हेच व्हायचे. नवे फुटवे कडेला येत जातात आणि आतला भाग म्हातारा होतो. आमची सूचना अशी, की यंदा रोपांच्या पैशांत चार खुरपी, दोन कुदळी आणि एक विळा घ्यावा आणि हेच ठोंब फोडून लावावेत.

काम अवघड नाही, घाई मात्र नको. आपली जमीन काळी, चिकण. पाऊस पडल्यापडल्या खणली तर ढेकळे होतात आणि मुळे तुटतात. वाफसा येऊ द्यावा. गवती चहाची पाने वीतभर ठेवून छाटावीत (पातीने हात कापतो, लहान मुलांना हे काम देऊ नये). मग बुंध्यापासून वीतभर लांब, चारी बाजूंनी कुदळ चालवून ठोंब उचलावा. हाताने सुटेल तेवढा सोडवावा, उरलेल्याला विळा लावावा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन फुटवे आणि त्यांची मुळे हवीत. कर्दळीच्या कंदाला दोन-तीन डोळे ठेवून काप द्यावा. कुजका भाग टाकून द्यावा. तुकडे होते तितक्याच खोलीवर लावून माती पायाने दाबावी आणि पाणी द्यावे.

एका मोठ्या ठोंबाचे सहज दहा-पंधरा होतात. म्हणजे घरी न्यायलाही उरतील. आपल्या घरांना अंगण नाही, पण तेलाच्या फुटक्या डब्यात गवती चहा येतो. बाजारात तोच ‘लीली चा’ म्हणून आपण विकत घेतो.

काही पालक म्हणतात, "शेत सोडून आम्ही सुरतेला लूमवर आलो, ते पोराच्या हाती पुन्हा खुरपे देण्यासाठी का?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आमच्याही घरात तो विचारला गेला आहे. पण खुरपे हाती आले म्हणून पुस्तक सुटत नाही. आमच्या मते उलट होते. कंदावरचा डोळा एकदा स्वतः कापून पाहिला, की विज्ञानाच्या पुस्तकातली आकृती पाठ करावी लागत नाही.

शिवाय ही विद्या आपल्या घरचीच आहे. जळगावकडे आता केळीसाठी ऊतिसंवर्धित रोपांचे चलन वाढले आहे, पण मागच्या पिढ्यांनी बागा मुनव्यांवरच उभ्या केल्या. तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा मुनवा घ्यायचा, रुंद पानांचा सोडायचा, हे त्यांना सांगावे लागत नसे. रोगट झाडाचा मुनवा घेतला की रोगही नव्या शेतात जातो, हेही ते जाणून होते. म्हणून आपणही पिवळे पडलेले, किडलेले ठोंब वाटू नयेत.

झाडे लावूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. एखादा कडुनिंब लावावा, पण त्याला मेमध्ये पाणी कोण घालणार हे आधी ठरवावे.

पुष्कळ घरांत माळ्यावर गावाकडची कुदळ पडलेली असते. दांडा ढिला असेल तरी ती शाळेत आणून द्या, पाचर आम्ही ठोकून घेऊ.