विश्लेषण : पहिल्या एकल उड्डाणात हेलिकॉप्टर जमिनीजवळच का कलंडते?

प्रशिक्षक उतरून जातो आणि विद्यार्थी प्रथमच एकटा हेलिकॉप्टर उडवतो, त्याला 'सोलो' म्हणतात. अमेरिकेत खासगी हेलिकॉप्टर परवान्यासाठी किमान ४० तास उड्डाण करावे लागते, त्यातील १० तास एकट्याने. या टप्प्यावरील अनेक अपघात उंचावर नव्हे, तर जमिनीपासून अवघ्या काही फुटांवर, उतरताना घडतात. त्यामागची कारणे काय?

प्रशिक्षक उतरल्यावर काय बदलते?

प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनी हेलिकॉप्टरचे कमाल वजन सुमारे ६२२ किलो आहे. त्यातून ७५ किलोचा प्रशिक्षक उतरला तर दहा टक्क्यांहून अधिक भार कमी होतो. विद्यार्थी उजव्या आसनावर असतो, त्यामुळे गुरुत्वमध्य उजवीकडे आणि मागे सरकतो. सायक्लिक, म्हणजे दिशा देणारी दांडी, नेहमीपेक्षा अधिक डावीकडे आणि पुढे धरावी लागते. कमी शक्तीतही हेलिकॉप्टर चटकन वर उठते. म्हणजे हाताला बसलेली सवय नेमकी त्या दिवशी चुकीची ठरते.

'डायनॅमिक रोलओव्हर' म्हणजे काय?

उतरताना हेलिकॉप्टर किंचित आडवे सरकत असेल आणि खालच्या दोन दांड्यांपैकी एक गवतात किंवा चिखलात अडकला, तर तोच बिजागरीसारखा काम करतो. रोटरची उचल सुरूच असल्याने हेलिकॉप्टर त्या दांड्याभोवती फिरू लागते. हा कल साधारण ५ ते ८ अंशांपुढे गेला, की सायक्लिक पूर्ण उलट दिशेला नेऊनही ते सावरत नाही. हे सारे एक-दोन सेकंदांत घडते.

बचाव कसा करायचा?

रोटरची उचल कमी करणारी कलेक्टिव्ह दांडी न झटकता खाली न्यायची. मात्र घाबरलेला विद्यार्थी जमिनीपासून सुटण्यासाठी नेमकी तीच वर ओढतो. उचल वाढते आणि कलंडण्याचा वेगही वाढतो. शेजारी प्रशिक्षक असता तर त्याने वेळीच दांडी खाली दाबली असती.

नियम पुरेसे आहेत का?

रोटरचा वेग घटून झालेल्या जीवघेण्या अपघातांनंतर अमेरिकेच्या हवाई नियामक 'एफएए'ने १९९५ मध्ये आर-२२ साठी विशेष नियम केला. त्यानुसार सोलोपूर्वी याच हेलिकॉप्टरवर प्रशिक्षकासोबत किमान २० तास उड्डाण बंधनकारक झाले. मात्र तास भरले म्हणजे बदललेल्या समतोलाची सवय झाली, असे नाही. प्रशिक्षक शेजारी असेपर्यंत तो समतोल विद्यार्थ्याच्या अनुभवाला येतच नाही. म्हणूनच पहिल्या सोलोसाठी शांत वारा, सपाट व टणक जमीन आणि वजन कमी झाल्याने काय जाणवेल याची आधी दिलेली स्पष्ट कल्पना, या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. आडवी सरक थांबल्याशिवाय टेकायचे नाही आणि शंका आली तर कलेक्टिव्ह खाली, हे हातात भिनले आहे का, हे पाहूनच प्रशिक्षकाने दार उघडून उतरायला हवे.