साखळी आणि पट्टा

चुडावा हे पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील लहानसे गाव. तेथे कुत्रे धन्यामागे शेतात जाते, बांध हुंगते आणि दुपारी निंबाच्या सावलीत विसावते. त्याला फिरवून आणावे लागते, ही कल्पनाच गावास नवी. तेथील एक आजी वैशाखात पुण्यास मुलाकडे आल्या. सदनिकेच्या सज्जात मोती नावाचा कुत्रा आखूड साखळीने बांधलेला होता. दोन दिवस त्यांनी पाहिले, तिसऱ्या दिवशी त्या मुलास म्हणाल्या, "अरे, याला पोटभर घालता, पण दिवसभर बांधूनच ठेवता. याचा अपराध तरी काय?"

या प्रश्नामागे व्रताचा आधार होता. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील पहिला 'बंध', म्हणजे जिवास बांधून ठेवणे. कायदाही याविषयी जागरूक आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ प्रमाणे, सदैव बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे हा मालकाचा अपराध ठरतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आजी, नातू आणि मोती वेताळ टेकडीवर गेले. सुमारे ८०० मीटर उंचीची ही पुणे शहरातील सर्वांत उंच टेकडी. पठारावर येताच नातवाने पट्टा सोडला. मोती वाऱ्यासारखा धावला आणि आजींना समाधान वाटले. इतक्यात एक टिटवी आक्रोश करीत त्याच्यावर घिरट्या घालू लागली.

"धर त्याला!" आजी म्हणाल्या. "तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात."

"आजी, कालच तर तू बांधू नका म्हणालीस!"

"ती साखळी त्याला एका जागी खिळवीत होती. हा पट्टा हाती धरून आपण त्याच्यासवे चालू. त्याचेही फिरणे होईल, हिचेही घरटे राहील."

टेकडीवर मोरही आहेत आणि लांडोरही जमिनीवरच अंडी घालते. म्हणून एका जिवाची दया करताना दुसऱ्याचे घर उघडे पडू नये, एवढे भान श्रावकाने ठेवावे. कुत्र्याच्याही गरजा जाणाव्यात. त्याचे शरीर मुख्यतः धापा टाकूनच थंड होते, तापलेल्या खडकाने पंजे भाजतात. म्हणून उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी परतावे, सोबत पाणी न्यावे. रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी आणि त्याची विष्ठा स्वतः उचलावी.

आजी चुडाव्यास परतल्या, तेव्हा सज्जातील साखळी निघाली होती. दाराजवळच्या खुंटीवर पट्टा लटकत होता आणि तो हाती घेण्याची सकाळची पाळी नातवाने आपणहून मागून घेतली होती.