नाके उठले; बाजार एक झाला काय?

सरहद्दीवरील नाके उठले, सर्व देशास एकच कर लागू झाला, आतां मालास चोहोंकडे वाट मोकळी झाली, असें आपण कांहीं वर्षें ऐकत आहों. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला आणि राज्यांच्या हद्दीवरील विक्रीकराचे नाके बंद झाले, ही गोष्ट खरी आहे व ती चांगलीच झाली. परंतु मोंढ्यांत माल घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न निराळा असतो. हेंच सोयाबीन आज दुसऱ्या बाजारांत अधिक भावानें कां विकलें जातें? बाजार एक झाला असेल तर हें अंतर कशाचें? आणि झाला नसेल, तर तो एक झाला म्हणणारांनीं तो कोणत्या मापानें मोजला? या मापाचाच विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

हा प्रश्न आमच्या जिल्ह्यास नवा नाहीं. किंबहुना तो समजून घेण्यास परभणीसारखा दुसरा जिल्हा क्वचित् सांपडेल. आमचीं शेतें जागचीं हललीं नाहींत; त्यांच्या भोंवतालच्या हद्दी मात्र वारंवार हलल्या. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतों. संस्थानास स्वतःची करोडगिरी होती. कंपनी सरकारशीं १८०२ सालीं झालेल्या व्यापारी तहानें जकातीची मर्यादा शेंकडा पांच ठरली होती, आणि पुढें आयात व निर्यात या दोहोंवरही साधारणतः हाच दर बसत असे. नाणेंही वेगळें होतें. शंभर कलदार रुपयांस हाली सिक्क्याचे ११६ रुपये १० आणे ८ पै, म्हणजे सहा कलदारांस सात हाली, असा हिशेब असे. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यांतील लोहमार्ग मनमाडास जाऊन मिळाला व आमच्या कापसास मुंबईची वाट सांपडली. परंतु त्या वाटेवर करोडगिरी आणि नाणेंबदल हे दोन दरवाजे उभेच होते.

त्या वेळचा हिशेब कसा असे हें पाहिल्यास आजचा प्रश्न उलगडतो. समजा, मुंबईस एका गांठीचे २१० कलदार रुपये आले. हाली हिशेबानें ते २४५ झाले. परभणीस त्याच मालाचे शेतकऱ्यास २२० हाली मिळाले. अंतर २५ रुपयांचें. त्यांत शेंकडा पांचप्रमाणें करोडगिरीचे ११ व रेल्वेभाडें, हमाली वगैरेंचे ८ धरले तर १९ होतात. उरलेले ६ रुपये मधल्या हातांत राहिले. हे आंकडे आम्ही केवळ रीत दाखविण्यापुरते घेतले आहेत. आतां नाका उठला असें समजा. अकरा रुपये वांचले. ते सर्व शेतकऱ्याच्या पदरीं पडले तर परभणीचा भाव २३१ व्हावयास पाहिजे. तो २२३ वरच थांबला तर काय म्हणावें? नाका गेला खरा, पण अकरांपैकीं आठ रुपये सरकारच्या तिजोरींतून निघून दुसऱ्याच्या पेटींत गेले. बाजार एक झाला नाहीं; केवळ वसूल करणारा बदलला.

यावरून पहिलें खोटें माप ओळखतां येतें. तें म्हणजे नाके मोजणें. आमच्या राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमानें सर्व भारतांत व्यापार मोकळा राहील असें म्हटलें. तथापि ३०६ व्या कलमानें, पूर्वीपासून सरहद्दजकात घेणाऱ्या संस्थानी राज्यांस केंद्राशीं करार करून ती कांहीं काळ चालू ठेवण्याची मुभाही दिली. तें कलम १९५६ सालीं गाळलें गेलें. त्याच वर्षीं १ नोव्हेंबरास राज्यांची पुनर्रचना झाली आणि एक चमत्कारिक पालट घडला. पूर्वीं परभणी व आदिलाबाद एकाच संस्थानांत होते, आणि हिंगोलीपलीकडचें वाशीम वऱ्हाडांत, इंग्रजी कारभाराखालीं. आतां वाशीम व आम्ही एका राज्यांत आलों आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशांत गेलें. २०१४ पासून तें तेलंगणांत आहे. जकात मात्र कोठेंच उरली नव्हती. म्हणजे कागदोपत्रीं दोन्ही बाजार आम्हांस सारखेच मोकळे.

परंतु १९७१ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रांत कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, ती १९७२ पासून अमलांत आली, आणि राज्याबाहेर कापूस नेण्यास बंदी झाली. पैचीही जकात नसतां सरहद्द पुन्हां उभी राहिली. आदिलाबादेकडे भाव चढला कीं इकडचा कापूस चोरवाटांनीं तिकडे जाई. योजनेचा भाव चढा असला कीं तिकडचा कापूस आमच्या खरेदीकेंद्रांवर येई. या योजनेनें पडत्या भावांत शेतकऱ्यास आधार दिला, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु शेजारच्या दोन तालुक्यांतील कापसास दोन भाव असणें हीच सरहद्दीची खरी खूण, एवढें तिनें सिद्ध केलें. २००२ नंतर ती मक्तेदारी सैल होत गेली. तात्पर्य, जकात गेल्यानें हद्द जातेच असें नाहीं. बंदी, परवाना, बाजार-शुल्काचे निरनिराळे दर, खराब रस्ता, आणि बातमीचा अभाव हीं सर्व न दिसणारीं नाकींच होत.

दुसरें खोटें माप अधिक मोहक आहे, आणि विद्वान् लोकही त्यास भुलतात. तें म्हणजे आपसांतील व्यापाराची उलाढाल मोजणें. युरोपीय संघांतील देशांच्या निर्यातीपैकीं सुमारें साठ टक्के माल आपसांतच जातो. दक्षिण आशियांतील देशांचा आपसांतील व्यापार सुमारें पांच टक्क्यांच्या आसपास आहे. या आंकड्यांवरून युरोप जवळ आला व आपण दूर राहिलों, एवढें म्हणतां येतें व तें खोटें नाहीं. पण उलाढाल वाढली म्हणजे शेतकऱ्याचें हित झालें, असें त्यावरून मुळींच ठरत नाहीं.

याचें उदाहरण आमच्या सोयाबीनच्या वाफ्यापर्यंत येऊन पोंचलें आहे. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार २००६ पासून अमलांत आहे. त्यान्वये नेपाळचा माल भारतांत बहुतांशीं जकातीवांचून येतो. नेपाळांत सोयाबीनचें पीक अगदीं थोडें. तथापि शुद्ध केलेलें सोयातेल तेथून भारतांत मोठ्या प्रमाणावर येतें. कच्चें तेल दक्षिण अमेरिकेसारख्या दूरच्या मुलखांतून नेपाळांत उतरतें, तेथें शुद्ध होतें आणि शेजारधर्माच्या दारानें आंत येतें. १४ सप्टेंबर २०२४ रोजीं भारत सरकारनें कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयातकर शेंकडा २७.५ व शुद्ध तेलावरील ३५.७५ केला, तेव्हां ही आडवाट फारच किफायतशीर झाली व तिच्यावरची रहदारी वाढली. ३० मे २०२५ रोजीं कच्च्या तेलाचा एकूण कर १६.५ वर आला. २०२४ च्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता व मोंढ्यांत त्याहून कमी भाव मिळत होता, हें वाचकांस सांगणें नको. सर्व दोष नेपाळच्या तेलाचा, असें आम्ही म्हणत नाहीं. पेंडेचा उतरलेला भावही त्यास कारण होता. परंतु या वर्षांत नेपाळ-भारत व्यापाराचा आंकडा फुगला, आणि तो पाहून कोणी दोन शेजारी एक झाले असें म्हणूं लागला, तर त्यास काय म्हणावें?

येथें जकातसंघ आणि मोकळा व्यापार यांतील भेद ध्यानांत घ्यावा. जकातसंघांत सभासद देश आपसांतील जकात उठवितातच. शिवाय बाहेरच्या मालावर सर्वांची जकात एकच ठेवितात. एका वाड्याचीं आंतलीं दारें उघडीं, पण बाहेरची भिंत सामाईक. केवळ मोकळ्या व्यापारांत मात्र ज्याची त्याची भिंत निराळी असते. मग जिची भिंत ठेंगणी, तिच्यावरून परका माल आंत येतो. म्हणून मालाचा खरा उगम कोठला, याची चौकशी कसोशीनें व्हावी, ही आमची मागणी आहे. शेजाऱ्याचें दार लावा, ही नाहीं.

मग खरें माप कोणतें? आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, एकाच दिवशीं, एकाच प्रतीच्या मालास दोन बाजारांत जो भाव असतो, त्यांतील अंतरांतून वाहतुकीचा व उलाढालीचा खरा खर्च वजा जातां जें उरतें, तेंच खरें माप. जों जों हें उरलेलें अंतर कमी, तों तों बाजार एक. प्रशियाच्या पुढाकारानें १८३४ सालीं जर्मन राज्यांचा जकातसंघ उभा राहिला. त्यानें काय साधलें, हें केलर व श्यू या दोन अभ्यासकांनीं निरनिराळ्या शहरांतील गव्हाच्या भावांचें अंतर पाहूनच मोजलें. शेवटीं साक्ष दिली ती गव्हाच्या भावानें.

या मापास एक जोडमाप आहे, तें म्हणजे दिवसांचें. मोठ्या बाजारांत भाव हलला तर आमच्या मोंढ्यांत तो किती दिवसांनीं हलतो? आणि चढतांना व उतरतांना सारख्याच वेगानें हलतो काय? आमच्या सभासदांचा अनुभव असा कीं, उतरत्या भावाची वार्ता वाऱ्यावर बसून येते आणि चढत्या भावाची बैलगाडींत. हा अनुभव खरा कीं नुसता संशय, हें नोंदीवांचून कोण सांगणार?

कोणी म्हणेल, दोन बाजारांत थोडें अंतर राहणारच; व्यापारी जोखीम घेतो, भांडवल गुंतवितो, त्यास त्याचा मोबदला नको काय? अवश्य हवा. पण तो किती, हें दिसलें पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: बाजार एक झाला म्हणजे आमचा भाव वाढेलच कशावरून? बाहेरचा स्वस्त माल येऊन तो उतरणारही नाहीं काय? उतरेल, कधीं कधीं नक्कीच उतरेल. कापसाच्या योजनेंत हें आपण पाहिलेंच. एकीकरण हें स्वतः पुण्य नव्हे आणि पापही नव्हे. म्हणूनच तें मोजलें पाहिजे. न मोजलेल्या गोष्टीचा लाभ नेहमीं तिचा हिशेब ठेवणाराच घेतो, आणि आजपर्यंत हिशेबाची वही आपल्या हातीं नव्हती.

तरी आमची सूचना अशी. प्रत्येक बाजारगांवीं आपल्या मंडळाच्या एका सभासदानें हंगामाच्या पहिल्या दिवसापासून एक वही घालावी. सोयाबीनसाठीं परभणी व लातूर, कापसासाठीं मानवत व आदिलाबाद, अशा जोड्या धराव्या. भाव लिहितांना मालाची प्रत, ओलावा आणि सोयाबीनची माती-काडी किंवा कापसाच्या धाग्याची लांबी अवश्य लिहावी. ओल्या मालाचा भाव सुक्याच्या भावाशीं ताडल्यास सारा हिशेब फसतो. दुसऱ्या रकान्यांत भाडें, हमाली, तोलाई, बारदान व बाजार-शुल्क मांडावें. तिसऱ्यांत उरलेलें अंतर, चौथ्यांत तारीख. निरनिराळ्या बाजार समित्यांचे दैनिक भाव भारत सरकारच्या ॲगमार्कनेटवर मिळतात. पण त्यांवरच विसंबूं नये. शेतकऱ्याच्या हातीं पडलेल्या पट्टीवरचा भाव हाच वहींतला भाव समजावा. १४ एप्रिल २०१६ रोजीं सुरू झालेला राष्ट्रीय कृषि बाजार, म्हणजे ई-नाम, आपल्या गांवीं कितपत उपयोगी पडला, हेंही या वहीवरूनच ठरेल.

हंगाम संपतांच या वह्या एकत्र करून आपल्या मासिकांत प्रसिद्ध कराव्या. मग बाजार समितीपुढें, मंत्र्यांपुढें वा व्यापाऱ्यापुढें उभें राहतांना गाऱ्हाणें सांगावें लागणार नाहीं. अंतर किती, त्यांतला खर्च किती आणि उरलेलें कोणाकडे गेलें, एवढेंच विचारावें लागेल. आमच्या आजोबांनीं करोडगिरीच्या नाक्यावर गाडी उभी करून पांच टक्के मोजून दिले. निदान किती दिले हें त्यांस ठाऊक होतें. आज आपण नाका न दिसतां देत आहों. किती देतों, हें आधीं पाहूं या.